सगळ्यात शांत बाळ

विजयमाला : तुरीचीच आहे ना?

अपेक्षा : हाव ताई. घरचीच. औंदाच्या तुरीची.

विजयमाला : नाही, छान आहे. पॉलिश नाही, काही नाही. म्हटलं विचारावं. चार आठवडे जिच्या मानेखाली हात ठेव म्हणून ओरडत होते, ती डाळ कोणती, एवढं तरी आपल्याला माहीत असावं.

अपेक्षा : ताई, हसा ना तुमी मोकळेपणानं. बाकीच्या त फाटकापर्यंत हासत गेल्या.

विजयमाला : मी हसत नाहीये. मला दम लागलाय. उठाबशा काढल्या ना आज.

अपेक्षा : आज उठाबशा नव्हत्या, ताई.

(दारव्ह्यातल्या मुलींच्या शाळेचा जुना हॉल. काचेच्या पेटीत राहून आलेल्या बाळांचा आणि त्यांच्या आयांचा योगवर्ग आत्ताच सुटलाय. म्हणजे सुटला नाही, फुटला. सतरंजीभर डाळ सांडली आहे. मधोमध एक फाटकं दुपटं, त्याला लोकरीचं टोपडं, आणि त्या टोपड्याकडं बघवत नाही म्हणून खाली मान घालून डाळ वेचणारी अपेक्षा. शाळेतून निवृत्त झालेल्या पीटीच्या बाई, विजयमाला, समोर मांडी घालून तेच करताहेत.)

विजयमाला : पण तुझ्या शेजारची निकिता केवढ्यानं किंचाळली गं! "ताई, बाळ सांडलं!" पस्तीस वर्षं पीटी शिकवली मी. पोरींचे हात मोडले, दात पडले, एक पोरगी खो-खोच्या खांबावर चढून बसली ती उतरेचना. पण बाळ सांडलं, असं कोणी आजवर ओरडलं नव्हतं माझ्या वर्गात.

अपेक्षा : शिवण उसवली. तुमी म्हणलं कंबर वर उचला, मी जरा जास्तच उचलली.

विजयमाला : कंबर छान उचलतेस तू. वर्गात सगळ्यात छान. ते जाऊ दे. आता सरळ सांग, बाळ कुठंय?

अपेक्षा : घरी. आईजवळ. म्हणजे सासूजवळ. चांगला आहे. चार किलो तीनशे ग्रॅम.

विजयमाला : आणि ही डाळ?

अपेक्षा : चार किलो तीनशे ग्रॅम.

विजयमाला : मोजून आणलीस?

अपेक्षा : मंग? अंदाजानं आणून कोणता उपेग? आमच्या गावची आशाताई आहे, अंजू. ती पंधरा दिवसांनी येते झोळीचा काटा घेऊन. ती जेवढं सांगते तेवढी मी डाळ वाढवतो. पयल्या दिवशी तीन किलो सातशे होती. मंग चार किलो. परवा तीनशे ग्रॅम अजून टाकली. पुंडलिकरावच्या किराणा दुकानात जातो मी मोजाले.

विजयमाला : घरची डाळ घेऊन दुकानात?

अपेक्षा : हाव. वीस ग्रॅम जास्त झाली त मूठभर परत काढतो. त्याले वाटते सरकारनं मले त्याचा काटा तपासाले पाठवलं. परवा चहा पाजला त्यानं मले. खुर्ची पुसून देली.

विजयमाला : तू एकटीच शहाणी नाहीस, बेटा. मी रजिस्टरमध्ये काय लिहिलंय, वाचू? "बाळ अतिशय शांत. आईच्या श्वासाशी एकरूप." एकरूप! योगशिक्षकांच्या शिबिरात आम्हाला सांगितलं होतं, प्रत्येक बाळाकडं बारकाईनं बघा. मी बघितलं. चष्मा लावून बघितलं. आणि फोटो काढून मोबाईलच्या स्टेटसला लावला, "माझ्या वर्गातलं सगळ्यात शांत बाळ". सत्तावीस जणींनी हात जोडले त्याला.

अपेक्षा : तुमचा दोष नाई. मीच म्हणलं होतं ना, डॉक्टरनं कोणाले हात लावू देऊ नका सांगतलं म्हणून.

विजयमाला : इथं कोण कोणाच्या बाळाला हात लावतंय? सगळ्याच पोळलेल्या. सॅनिटायझर लावून नमस्कार करतात एकमेकींना. बरोबर जागा हेरलीस तू. देवळात नेली असतीस ना ही डाळ, पहिल्या दिवशी पकडली गेली असती. चार बायांनी गालगुच्चे घेतले असते.

अपेक्षा : ताई, हे कोपऱ्यातली राहू द्या, मी काढतो. तुमचे गुडघे…

विजयमाला : गुडघ्यांचं सोड. घरी तरी घेतेस ना त्याला?

अपेक्षा : इथं सूप भेटन का कोठी? खडे येऊन राह्यले डाळीत.

विजयमाला : अपेक्षा.

अपेक्षा : … नाई घेत.

विजयमाला : अजिबात?

अपेक्षा : पाळण्याजवळ बसतो. त्याचा श्वास मोजतो. ते मले चांगलं जमते. मोजाचं काम कोणतंही द्या. दूध काढून देतो, आई बोंडल्यानं पाजतात. आंघोळ आई घालतात, झोपवतात आई. मी लंगोट धुतो. लंगोट लय चांगले धुतो मी, ताई. गावात माह्या लंगोटाचं नाव आहे.

विजयमाला : कशाची भीती वाटते?

अपेक्षा : हासान तुमी.

विजयमाला : हसायचा माझा हक्क गेला आज. बोल.

अपेक्षा : यवतमाळले चौतीस दिवस होतो आम्ही. एक किलो साडेतीनशे होता तो. अकराव्या दिवशी सिस्टर म्हणे, ये, घे छातीशी. घेतला. अजून पुरता टेकलाही नव्हता, अन् मशीन वाजली. टीं टीं टीं टीं. सिस्टर धावत आली, घेऊन गेली त्याले. मंग म्हणे काही नाई, पायाची वायर निसटली होती. ती हासत होती. मीही हासली तिच्यासंग.

विजयमाला : वायरच होती ना?

अपेक्षा : वायरच होती. फिजिक्समध्ये डिस्टिंक्शन आहे मले. वायर निसटली त मशीन वाजते, हे मी दहावीच्या पोट्ट्यांले ट्युशनमध्ये शिकवतो. अन् तरी आज चार महिने झाले, त्याच्याकडे हात नेला का माह्या कानात टीं टीं सुरू होते. मंग मी म्हणतो, आई, जरा घ्या ना, मले लंगोट वाळत टाकाचे आहेत.

विजयमाला : मग इथं कशाला आलीस गं? तुला कोणी बळजबरी केली होती?

अपेक्षा : लसीच्या खोलीत तुमचा कागद लागला होता भिंतीले. माह्या नवऱ्यानं, रजतनं, त्यावरच्या नंबरवर नाव टाकलं. म्हणलं, पयले हात शिकवावं, मंग बाळ आणावं. गाडी शिकतानी नाई का, पयले मोकळ्या मैदानात चालवतात.

विजयमाला : आणि डाळ म्हणजे मैदान.

अपेक्षा : पुढच्या बारीले खरा आणाचा होता, देवाशपथ! पण तुमी डाळीची तारीफ केली ना. सगळ्यात शांत बाळ. मंग कसा आणू? माहा गोपाल येवढा चिल्लावते का आमच्या गल्लीत कोणी घड्याळाले गजर लावत नाई. तुमच्या नजरेतून उतरला असता तो.

विजयमाला : बाप रे. म्हणजे त्याची इज्जत सांभाळत होतीस तू.

अपेक्षा : त्याची काय, माहीही. आयुष्यात पयल्यांदा कोणी म्हणलं, अपेक्षा, तुहं बाळ कसं छान राहते तुह्याजवळ. डाळ का असेना.

विजयमाला : कोण आहे? चपला बाहेर काढा हं! वर्ग संपला आजचा.

तुळसाबाई : अपेक्षा! आहे का वं आत?

अपेक्षा : माय वं. आई आल्या! ताई, डाळ झाका.

विजयमाला : कशानं झाकू? सतरंजीवर आपणच बसलोय.

तुळसाबाई : झाकू नोका, झाकू नोका. म्या पाह्यलं. मास्तरीणबाई तुमीच ना? नमस्कार. मी तुळसाबाई, इची सासू. अन् हा घ्या तुमचा सगळ्यात शांत बाळ. जीपमंधी ड्रायव्हरचे कान किटवले यानं.

अपेक्षा : आई, तुमी त्याले घेऊन… जीपमध्ये… एवढ्या गर्दीत…

तुळसाबाई : मंग काय करू? मांगच्या आयतवारी रजत मोबाईल घेऊन आला. म्हने, आई, पाय, आपला गोपाल योगा करून राह्यला! म्या पाह्यलं त टोपडं माहंच इनलेलं. अन् गोपाल माह्या मांडीवर, माह्या लुगड्यावर मुतून राह्यला. म्या म्हनलं, एक त हा देव झाला, दोन्ही ठिकानी दिसाले लागला, नाई त सून बयताड झाली.

अपेक्षा : मंग तवाच काहून नाई बोलल्या तुमी?

तुळसाबाई : म्हनलं पाहू, किती दिस चालते हे सोंग. तू त म्हने वर्ग मायांचाच आहे, लेकरू नाई लागत. अन् दर आयतवारी कोठीतून डाळ गायब! मले वाटलं तू मास्तरीणबाईले नेऊन देते. म्या म्हनलं, नेऊ दे, शिकोते बिचारी. पन मनात म्हनो, ही बाई वरन खाते का वरनात पोहते?

विजयमाला : तुळसाबाई, माझ्या घरी एक दाणा नाही आला हो!

तुळसाबाई : समजलं आता. तुमीबी फसल्या, मीबी फसली. बसा.

अपेक्षा : आई, रागावल्या का?

तुळसाबाई : कोनावर रागवू? म्या गावभर सांगत फिरली, नातू माह्याबिगर राहत नाई, मायजवळ जात नाई, माह्या आवाजानं झोपते. लय मिजास केली. शेजारच्या तानाबाईसमोर त छाती ठोकून. आता कोनत्या तोंडानं सांगू तिले का माय त्याची दारव्ह्याले डाळ खेळवाले जाते?

अपेक्षा : मले भेव वाटते, आई. मी घेतला अन् त्याचा श्वास थांबला त? तुमच्याजवळ बरा राहते तो. राहू द्या तुमच्याजवळच.

तुळसाबाई : अन् मले नाई वाटत का भेव? मी काय पयलवान आहो? आंघूळ घालतो ना त्याले, तवा दर बारीले वाटते, आता निसटते हातातून. म्हनून त मोठ्यानं गानं म्हनतो, तुले समजू नाई म्हनून.

अपेक्षा : मले वाटे तुमाले गाण्याची आवड आहे.

तुळसाबाई : हा आवाज काय गान्याचा आहे? म्या म्हनलं, पोरगी शिकेल आहे, तिले भेव-गिव काही नाई, आरामात बसली पाळन्याजवळ. राग येये मले तुहा. खोटं कायले बोलू. लय राग येये.

अपेक्षा : मले माहीत होतं ते.

तुळसाबाई : असन. मास्तरीणबाई, बाथरूम कोठी आहे वं? नेरच्या फाट्यापासून दम धरून आहो मी. त्या जीपवाल्यानं एक गड्डा सोडला नाई.

विजयमाला : व्हरांड्याच्या टोकाला. उजवीकडं.

तुळसाबाई : धर वं याले.

अपेक्षा : ताईजवळ द्या ना. त्यांले सवय आहे.

विजयमाला : मी नाही घेणार.

अपेक्षा : काहून?

विजयमाला : पस्तीस वर्षांत मी एकाही पोरीची उडी स्वतः मारली नाही.

तुळसाबाई : तुमचं चालू द्या बापा. मले निंगा लागते. हा ठेवला खाली सतरंजीवर. पाहा तुमी दोघी.

अपेक्षा : आई! आई, तिथं डाळ आहे… गेल्या. ताई, गेल्या त्या.

विजयमाला : जाणारच. वय झालंय.

अपेक्षा : रडाले लागला.

विजयमाला : हं. चार आठवड्यांत आज पहिल्यांदा तोंड उघडलं यानं.

अपेक्षा : मस्करी नोका करू ना. घ्या त्याले.

विजयमाला : मी डाळ वेचतेय.

अपेक्षा : थांबला! ताई, आवाज बंद झाला त्याचा…

विजयमाला : दम घेतोय. आता ऐक.

अपेक्षा : माय वं. लाल झाला पुरा. पाय आपटून राह्यला. टोपडं डोळ्यावर आलं त्याच्या. ताई, टोपडं.

विजयमाला : सरकव की.

अपेक्षा : सरकवलं. बोट धरलं त्यानं माहं. सोडून नाई राह्यला. ताई, लय जोर आहे याच्या हातात. कोठून आला एवढा जोर?

विजयमाला : मला काय माहीत. दूध कोणाचं पितो?

अपेक्षा : उचलू का?

विजयमाला : कोणाला विचारतेस?

अपेक्षा : तुमाले.

विजयमाला : मी तासाभरापूर्वी डाळीला शाबासकी दिली. मला नको विचारू.

अपेक्षा : बरं. मानेखाली एक हात. कमरेखाली दुसरा. कोपर आंगाशी. उचलला… ताई, हा वळवळते! डाळ वळवळत नव्हती.

विजयमाला : नव्हती.

अपेक्षा : घसरून राह्यला. वाकडा होऊन राह्यला. धरला. धरला, ताई, धरला. लय गरम आहे. ताप आहे याले!

विजयमाला : ताप नाही. माणूस तेवढाच गरम असतो. खांदे खाली घे. तुझे कानाला लागलेत.

अपेक्षा : माह्या मानेत तोंड खुपसलं त्यानं. ओलं करून राह्यला मले. चूप झाला. ताई, चूप काहून झाला हा?

विजयमाला : तूच सांग. तुझ्या गळ्याशी आहे तो.

अपेक्षा : श्वास घेऊन राह्यला. मानेले लागते त्याचा श्वास. गुदगुल्या होतात. मोजू का?

विजयमाला : नको मोजू. हळूच आडवी हो. त्याला पोटावर घे. आणि कंबर उचलू नकोस बाई आज.

अपेक्षा : नाई उचलत. … ताई, मले रडू येऊन राह्यलं.

विजयमाला : रड. बारापर्यंत हॉल आपलाच आहे.

अपेक्षा : काय रे. काय पाहते? मी आहो. तुही माय आहो मी. ते लंगोट धुणारी. लय उशीर केला रे राजा, चार महिने केला. डाळीले सगळं सांगत बसली, तुले नाई सांगतलं काहीच. बयताड आहे तुही माय. आजीनं बरोबर वळखलं. हासते? ताई, हा हासून राह्यला माह्यावर!

विजयमाला : रीतच आहे आज. सगळेच हसताहेत.

अपेक्षा : डोळे मिटवून राह्यला आता.

विजयमाला : मिटवू दे. हळू बोल. तुळसाबाई, या ना आत. केव्हाच्या दारात उभ्या आहात.

तुळसाबाई : मी कायले उभी राहू? चप्पल सापडून नाई राह्यली मले.

विजयमाला : पायातच आहे तुमच्या.

तुळसाबाई : हाव का? डोळ्याले पानी आलं त दिसते का मानसाले काही? … झोपला का वं तो?

अपेक्षा : झोपून राह्यला.

तुळसाबाई : पाय बरं! माह्याजवळ पाऊन घंटा झुलवा लागते याले. बेइमान. तानाबाईले नोको सांगू.

अपेक्षा : नाई सांगत.

तुळसाबाई : वाईट वाटलं मले उलीसं. खोटं कायले बोलू. पन बरंही वाटलं. माहे हात त रिकामे झाले आता, काय करू यायचं?

विजयमाला : डाळ वेचा. बसा इथं. तो कोपरा तुमचा.

तुळसाबाई : हे घ्या. सासूले कामाले लावलं. … दे वं आता इकडे त्याले. तुले घाम सुटला. हात भरून येतीन तुहे. घरी जाऊन घेजो मंग पायजे तेवढा, मी काय नाई म्हनतो? बाराची जीप भरून राह्यली असन. दे.

अपेक्षा : थांबा ना, आई. आत्ताच त आलो आम्ही.